उंची वाढते त्या वर्षी

निफाडचा पारा खाली उतरल्याच्या बातम्या येऊ लागतात त्या दिवसांत, सकाळी साडेसहाला, नाशिकमधील एका शाळेच्या मैदानावर मुलींचा फुटबॉल सराव पाहत होतो. प्रशिक्षकांनी मुलींना एकेक करून पायरीवरून खाली उडी मारायला सांगितले होते. तेरा वर्षांच्या एका उंच मुलीने उडी मारली आणि जमिनीवर पाय टेकताक्षणी तिचे दोन्ही गुडघे एकमेकांकडे झुकले. सर म्हणाले, “गुडघे आत येतायत गं. पायाच्या बोटांच्या रेषेत ठेव.” दुसऱ्या उडीत तिने ते नीट जमवले. तिसऱ्या वेळी मात्र उडीबरोबरच सरांनी तिच्याकडे चेंडू टाकला, तिचे लक्ष चेंडूकडे गेले आणि गुडघे पुन्हा आत आले.

किशोरवयीन मुलींच्या प्रशिक्षणातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट या तीन उड्यांमध्ये आहे. सांगितल्यावर जमणे निराळे आणि लक्ष दुसरीकडे असतानाही शरीराने ते आपोआप करणे निराळे. सामन्यात गुडघ्याचा विचार करायला कोणालाच सवड नसते.

हीच मुलगी गेल्या हंगामात संघातील सर्वांत वेगवान खेळाडू होती. यंदा ती वळताना अडखळते, चेंडू पायातून निसटतो आणि घरी तिला “आता अंग जड झालं, सोड खेळ” असे ऐकावे लागते. हा आळस नाही आणि खेळाची ओढ कमी झाल्याचे लक्षणही नाही. मुलींची उंची साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास सर्वाधिक वेगाने, वर्षाला सुमारे 8 सेंटिमीटर या दराने वाढते; मुलांमध्ये हा टप्पा सुमारे दोन वर्षे उशिरा येतो. पहिली पाळी बहुधा हा झपाटा ओसरू लागल्यावर, वर्षभराने येते. हे सारे सरासरीचे आकडे आहेत. वयोगट जन्मतारखेवरून ठरतात, पण एकाच वर्गात शेजारी बसणाऱ्या दोन मुलींची शरीरे वाढीच्या दृष्टीने दोन-तीन वर्षांच्या अंतरावर असू शकतात. म्हणूनच जन्मदाखल्यापेक्षा भिंतीवरची पेन्सिलची रेघ प्रशिक्षकाला अधिक सांगते: दर तीन महिन्यांनी उंची मोजावी, आणि तेवढ्या काळात 2 सेंटिमीटर भरले तर मुलगी झपाट्याच्या टप्प्यात आहे असे धरावे.

या काळात हाडे आधी लांबतात, स्नायू आणि मेंदूचे नियंत्रण मागाहून त्यांना गाठते. मांडी आणि पोटरी लांब झाली की गुडघ्यावर पडणारा ताण तरफेच्या नियमाने वाढतो, शरीराचा गुरुत्वमध्य वर सरकतो, आणि मेंदूने दहाव्या वर्षी पक्का केलेला अंतरांचा अंदाज चुकू लागतो. मुलग्यांमध्ये त्यांच्या या टप्प्याच्या सुमारास टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकामुळे स्नायूंची ताकद झपाट्याने वाढते. मुलींमध्ये वजन आणि उंची वाढते, पण ताकद तेवढ्या प्रमाणात आपोआप वाढत नाही. ती सरावाने कमवावी लागते.

याचा सर्वांत मोठा फटका गुडघ्यातील एसीएल या अस्थिबंधाला बसतो. मांडीच्या हाडाखालून नडगीचे हाड पुढे सरकू नये म्हणून हा अस्थिबंध आतून धरून ठेवतो. फुटबॉलमध्ये तो तुटण्याचा धोका मुलींना मुलांच्या दुपटीहून अधिक असतो, आणि पुष्कळदा कोणाचा धक्काही लागलेला नसतो: धावता धावता अचानक थांबणे, दिशा बदलणे किंवा एका पायावर उतरणे एवढेच निमित्त पुरते. शस्त्रक्रिया झाली तर मैदानावर परतायला नऊ महिने किंवा त्याहून अधिक काळ लागतो, आणि आपल्याकडे मुलींचा खेळ बहुधा तिथेच संपतो. या फरकाचे खापर अनेकदा मुलींच्या रुंद कमरेवर फोडले जाते. माझ्या मते ते अपुरे आहे. लहानपणी झाडावर चढणे, गल्लीत धावणे, उड्या मारणे ज्यांच्या वाट्याला कमी आले, त्यांच्या शरीराला उतरण्याचा सरावही कमी मिळाला, हे विसरून चालणार नाही.

हा धोका कमी करता येतो, याचा भक्कम पुरावा मुलींच्याच फुटबॉलमधून मिळाला आहे. स्वीडनमध्ये 12 ते 17 वर्षांच्या चार हजारांहून अधिक मुलींवर झालेल्या आणि 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, आठवड्यातून दोनदा पंधरा मिनिटांचे विशिष्ट वॉर्म-अप करणाऱ्या संघांमध्ये एसीएलच्या दुखापती 64 टक्क्यांनी कमी आढळल्या. नॉर्वेतील 2008 च्या चाचणीत ‘फिफा 11+’ या वीस मिनिटांच्या कार्यक्रमाने एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशाने घटवल्या. त्यात हळू धावणे, प्लँक, एका पायावर तोल, स्क्वॉट, उड्या आणि शेवटी वेगाने दिशा बदलत धावणे असे पंधरा व्यायाम आहेत. एक व्यायाम जोडीने करायचा असतो: एकीने गुडघ्यांवर ताठ उभे राहायचे, दुसरीने तिचे घोटे घट्ट धरायचे, आणि पहिलीने कमरेत न वाकता जमेल तितके सावकाश पुढे झुकायचे. मांडीच्या मागचे जे स्नायू एसीएलचा भार हलका करतात, तेच यात बळकट होतात. कोणतेही यंत्र लागत नाही. मात्र हे वर्षभर आणि नीट करावे लागते. मैदानाला दोन फेऱ्या मारून सामना सुरू करण्याची आपली सवय त्याची जागा घेऊ शकत नाही.

गुडघ्याच्या वाटीखालचे किंवा टाचेतले दुखणे हे या वयातले आणखी एक सामान्य गाऱ्हाणे. तिथे स्नायूंची ओढ अजून कोवळ्या असलेल्या वाढ-पट्टीवर, म्हणजे हाडाच्या वाढत्या कूर्चेवर, पडते. उड्या आणि धावणे काही आठवडे कमी केले की ते बहुधा शमते. दुखणे दाबून खेळवणे चूक आहे.

मैदानावरचे हे सारे प्रयत्न डबा रिकामा असेल तर फोल ठरतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (2019-21) देशातील 15 ते 19 वर्षांच्या 59 टक्के मुली रक्तक्षयाने ग्रस्त आहेत. रक्तात हिमोग्लोबिन दर 100 मिलिलिटरमागे 12 ग्रॅमच्या खाली असेल तर स्नायूंना ऑक्सिजन कमी पोचतो आणि दुसऱ्या अर्ध्यात मुलगी ओढत ओढत धावते. प्रशिक्षकाला तो दमसास कमी असल्याचा दोष वाटतो. म्हणून शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी टाळू नये. जेवणात लिंबू किंवा आवळा असावा, कारण क जीवनसत्त्वामुळे लोह अधिक शोषले जाते. जेवणाला लागून घेतलेला चहा नेमके उलटे करतो. हाडांसाठी पेठ-सुरगाण्याची नागली (नाचणी) हाताशी आहेच: 100 ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. झपाट्याच्या आसपासच्या दोन वर्षांत प्रौढ हाडातील जवळजवळ चौथा हिस्सा खनिज साठते, पण ते उंचीच्या मागून काही महिन्यांनी साठते, त्यामुळे मधल्या काळात हाड लांब असूनही पुरेसे भरलेले नसते.

सराव वाढला आणि खाणे तेवढेच राहिले, तर शरीर काटकसर सुरू करते आणि पाळी थांबते. तीन महिने पाळी न येणे म्हणजे कसून सराव केल्याची खूण, असा समज काही मैदानांवर अजूनही आहे. वास्तविक त्याच वेळी इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटून हाडे ठिसूळ होत असतात. अशा वेळी डॉक्टरांकडे जायलाच हवे, आणि पंधराव्या वर्षापर्यंत पहिली पाळी आली नसेल तरीही. मुलींना हे मोकळेपणाने सांगता यावे म्हणून संघाबरोबर एखादी ताई किंवा मॅडम असणे मला चेंडूइतकेच आवश्यक वाटते.

त्या सकाळी सराव संपल्यावर सरांनी उंच मुलीला साहित्याच्या खोलीच्या भिंतीला टेकून उभे केले. सप्टेंबरच्या रेघेपासून डिसेंबरची रेघ अडीच सेंटिमीटर वर आली होती. त्यांनी वहीत तिच्या नावापुढे पुढच्या सहा आठवड्यांसाठी उड्या आणि वेगाच्या धावा निम्म्या केल्या, पासिंग आणि तोलाचे व्यायाम तेवढेच ठेवले, आणि जानेवारीच्या सामन्यांसाठीच्या यादीत तिचे नाव कायम ठेवले.