सापशिडी आणि सारीपाट: दिसायला सारखे, शिकवायला वेगळे

दान टाकायचं आणि घरं मोजत सोंगटी पुढं न्यायची, एवढंच बघितलं तर हे दोन्ही खेळ एकाच माळेतले वाटतात. कोल्हापुरात सुट्टीला आलेल्या भाचरांपुढं हाताला लागेल तो पट मांडला जातो. पण लेकराच्या डोक्याला दोन्हीत काम निराळं लागतं.

सापशिडीत ठरवायचं काहीच नसतं. सोंगटी एकच, दान पडेल तसं चालायचं. म्हणून ती कमअस्सल, हे मला पटत नाही. तिचा जीव १ ते १०० या आकड्यांत आहे. गीता रमणी आणि रॉबर्ट सीगलर यांनी अमेरिकेतल्या गरीब घरांतल्या बालवाडीच्या मुलांना ओळीनं १ ते १० आकडे असलेला पट खेळायला दिला. २००८ मध्ये त्यांनी मांडलेला निष्कर्ष असा, की या मुलांची संख्यांची जाण वाढली. नुसत्या रंगांच्या पटावर खेळलेल्यांची वाढली नाही.

मात्र पोर मोजतं कसं, याकडं कान हवा. सोंगटी २७ वर आहे, चार पडले. 'एक, दोन, तीन, चार' म्हणत गेलं तर आकडे नुसते पायाखालून जातात. 'अठ्ठावीस, एकोणतीस, तीस, एकतीस' असं घराचं नाव घेत जायला लावा. आपल्या मराठीत याची गरज जास्तच, कारण २९ लिहिताना दोन आधी येतो आणि बोलताना तीस डोकावतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकातल्या, एकवीससाठीच्या 'वीस एक'वरून केवढा वाद पेटला! पोरांची अडचण खरी आहे. माझ्या मते 'एकोणतीस' जिभेवर बसवायला सापशिडीसारखा सराव नाही.

सारीपाटाच्या घरांवर आकडेच नसतात. फुलीसारखा पट, प्रत्येकाच्या चार सोंगट्या. सहाचं दान पडलं की प्रश्न उभा: पुढची पळवायची, समोरच्याची मारायची, की उघड्यावर पडलेली वाचवायची? इथं हात आवरून आधी विचार करावा लागतो, आणि तो विचार तोंडानं बाहेर येतो. "आज्जी, ती नको, मागं मामाची सोंगटी हाय, मारंल की!" एवढ्याशा वाक्यात अंदाजही आहे आणि कारणही. अशा वेळी "मग कुठली हलवू?" असं विचारा आणि उत्तराची वाट बघा.

चार-पाच वर्षांच्या पोराला सापशिडी द्या, सात-आठ वर्षांच्याला सारीपाट. मोबाईलवरचा लुडो मूळचा सारीपाटाच्याच घराण्यातला, पण तिथं घरं मोबाईलच मोजतो आणि शेजारी बोलायला मामा नसतो.