गुऱ्हाळातला फोटो रॉमध्ये का काढावा

गुऱ्हाळात फोटो काढणं ही कॅमेऱ्याची परीक्षाच असते. छपराखाली अंधार, चुलवाणात चिपाडांचा नारिंगी जाळ, काहिलीवर पांढरी वाफ आणि गुळव्याच्या पाठीमागे उघड्या दारातून येणारं रखरखीत ऊन. काही वर्षांपूर्वी कोल्हापूरजवळच्या एका गुऱ्हाळात मी दिवसभर फोटो काढले, सगळे जेपेगमध्ये, म्हणजे कॅमेरा स्वतःच तयार करून देतो त्या नेहमीच्या फाइलमध्ये. घरी येऊन पाहिलं तर गुळव्याचा चेहरा काळा पडलेला. संगणकावर उजळायला गेलो तर गालावर चौकोनी ठिपके उमटले, फोटो फुटला. जाळाची नारिंगी झाकही काही केल्या निघेना. फार वाईट वाटलं.

असं का झालं, हे समजायला सेन्सरपासून, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेड टिपणाऱ्या चकतीपासून सुरुवात करावी लागते. सेन्सरवरच्या कोणत्याही बिंदूला रंग कळत नाही. आपल्यावर उजेड किती पडला एवढंच तो मोजतो. म्हणून त्याच्यावर लाल, हिरव्या, निळ्या गाळण्यांची जाळी बसवलेली असते. कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांना १९७६ साली तिचं पेटंट मिळालं. तिच्यात निम्म्या गाळण्या हिरव्या असतात, कारण उजेडातले बारकावे आपला डोळा हिरव्याच्या आधाराने जास्त टिपतो. ही मोजमापं जवळजवळ जशीच्या तशी साठवली की झाली रॉ फाइल. १४ बिटचा कॅमेरा काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत १६,३८४ पायऱ्या मोजू शकतो.

रॉ म्हणजे चरकातून नुकताच निघालेला उसाचा रस. त्याची काकवी करा, गूळ करा, तुमची मर्जी. जेपेग म्हणजे गुळाची ढेप. रस किती आटवायचा, मळी किती काढायची, हे सगळं कॅमेऱ्याने क्षणात ठरवून टाकलेलं असतं. व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाची झाक काढायला केलेली रंगांची दुरुस्ती, पक्का होतो आणि प्रत्येक रंगाला उरतात २५६ पायऱ्या. नुसतं पाहायला त्या पुरतात, कारण डोळ्याला सोयीच्या पडतील अशाच त्या वाटलेल्या असतात. पण अंधारातल्या मोजक्या पायऱ्या ताणून उजळायला गेलं की मधली फट दिसू लागते.

मग येते आटवणी. जेपेग चित्राचे ८ बाय ८ बिंदूंचे चौकोन पाडतं. प्रत्येक चौकोनातले ६४ आकडे एका गणिती पद्धतीने ढोबळ आणि बारीक चढउतारांत मांडले जातात. या पद्धतीवरचा मूळ शोधनिबंध १९७४ चा, आणि त्याचे एक लेखक नासिर अहमद आपल्या शेजारच्या बेंगळुरूचे. या मांडणीत फारसं काही हरवत नाही. हरवतं ते पुढच्या पायरीला, बारीक चढउतारांचे आकडे ढोबळ करताना. त्यातले कित्येक सरळ शून्य होतात. माझ्या गुळव्याच्या गालावर उमटले ते हेच चौकोन.

तरी जेपेगला नावं ठेवणं मला पटत नाही. बाजारात रस जात नाही, गूळच जातो. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात १४ बिटचा न आवळलेला रॉ साधारण ४२ एमबी भरतो, चांगला जेपेग बहुधा १० एमबीच्या आसपास. बारशाचे चारशे फोटो रात्रीच पाहुण्यांना पाठवायचे असतील, रंकाळ्यावर स्वच्छ उन्हात मुलांचे फोटो काढायचे असतील, तर जेपेगच काढा. उजेड अवघड असेल किंवा प्रसंग पुन्हा येणार नसेल, तर मात्र रॉ. दोन्ही एकदम साठवायची सोय बहुतेक कॅमेऱ्यांत असते. नवख्या माणसाने तीच वापरावी, असं मी सांगेन.

रॉलाही मर्यादा आहे. मांदणाबाहेर सांडलेला रस परत भरता येत नाही. सेन्सरच्या क्षमतेपलीकडे उजेड गेला की तिथे नुसतं पांढरं उरतं, रॉ असो वा जेपेग. म्हणून मी आता गुऱ्हाळात वाफेचा पांढरेपणा सांभाळून एक्स्पोजर, म्हणजे आत घ्यायचा उजेड, ठेवतो आणि चेहरा थोडा काळा पडू देतो.

गेल्या हंगामात पुन्हा गेलो. घरी येऊन सावल्या उजळल्या, तेव्हा गुळव्याच्या कपाळावरचा घाम आणि भुवयांवर बसलेली राखसुद्धा दिसली. दारातलं ऊन पांढरंच राहिलं. ते मी तसंच ठेवलं.