रोबो घेण्याआधी: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

चौकशीला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा ‘कुठला रोबो घ्यावा?’ हाच असतो. त्यावर आमचाही एक प्रश्न असतो: तुमचा जॉब, म्हणजे ज्यावर काम करायचं तो भाग, मशीनपाशी दर वेळी त्याच जागी, त्याच बाजूने येतो का? याचं उत्तर पक्कं झालं की रोबो निवडणं फारसं अवघड राहत नाही.

कारखान्यातला पहिला रोबो, युनिमेट, १९६१ साली अमेरिकेत न्यू जर्सीतल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात कामाला लागला. वितळलेला धातू साच्यात दाबून भाग बनवणाऱ्या डाय कास्टिंग मशीनमधून निघणारे तापलेले भाग उचलायचं काम त्याच्याकडे होतं. पहिला रोबो कुठे लावावा, याबद्दल आमचा सल्ला आजही तोच आहे. जे काम गरम, जड किंवा धुरातलं आहे, जे करून माणसाचा खांदा दुखतो, तिथे लावा.

हाताचं काम

चांगला रोबो शिकवलेल्या जागी पुन्हा पुन्हा येतो आणि फरक ०.०५ मिलिमीटरच्या आत राहतो. पण जॉबच चार मिलिमीटर सरकून बसला असेल तर ग्रिपर, म्हणजे रोबोचा पकडणारा पंजा, रिकामा मिटतो. तुमचा ऑपरेटर मात्र तिरका जॉब उचलता उचलताच सरळ करतो. कडेला बर, म्हणजे धातूची उरलेली धारदार कोर, राहिली असेल तर ती त्याच्या अंगठ्याला लागते आणि तो तेवढा जॉब बाजूला ठेवतो. हे कुठल्याच कागदावर लिहिलेलं नसतं. रोबो बसवायचा म्हणजे ही सगळी समज फिक्स्चर (जॉब जागच्या जागी धरणारा साचा), सेन्सर आणि कॅमेरा यांच्यात वाटून द्यायची. म्हणून पाहणीचा पहिला दिवस आम्ही त्या ऑपरेटरच्या शेजारी उभं राहून काढतो. पुढे तो रोबो चालवायलाही त्यालाच शिकवा, असा आमचा आग्रह असतो. जॉब कसा बिघडतो हे त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक नसतं.

माणसाशेजारी चालणाऱ्या कोबॉटला पिंजरा लागत नाही, हे अर्धंच खरं आहे. धक्का लागला की रोबोचा हात थांबतो, पण ग्रिपरमध्ये धारदार पत्रा असेल तर इजा व्हायची ती होणारच. सुरक्षिततेची तपासणी हात, ग्रिपर, जॉब आणि जागा या सगळ्यांची मिळून करावी लागते. ती झाल्याशिवाय आम्ही मशीन चालू करून देत नाही.

आपोआप चालणाऱ्या गाड्या

२००४ साली अमेरिकेच्या वाळवंटात चालकाविना गाड्यांची शर्यत झाली, तेव्हा एकही गाडी शेवटपर्यंत पोहोचली नाही. त्यानंतर चारच वर्षांनी, २००८ मध्ये, ऑस्ट्रेलियातल्या पिलबारा भागातल्या लोहखनिजाच्या खाणीत चालकाविना डंपर चालू लागले. तंत्र सुधारलं होतंच, पण खाणीतला रस्ता एकाच मालकाचा असतो आणि त्यावर कोण येणार हे आधीच ठरलेलं असतं, याचा वाटाही मोठा होता. तुमच्या गोदामालाही हेच लागू आहे.

जुन्या पद्धतीच्या गाड्या जमिनीतल्या तारेवरून किंवा पट्टीवरून चालतात. नव्या गाड्या लेसर स्कॅनरने आजूबाजूच्या भिंती-रॅकचा नकाशा करतात आणि वाट अडली तर वळसा घालतात. आमच्या एका कामात अशी गाडी रोज चारच्या सुमारास एकाच वळणावर थांबायची. दोन दिवस आम्ही सॉफ्टवेअर तपासलं. मग लक्षात आलं, त्या वेळी उघड्या शटरमधून तिरकं ऊन थेट स्कॅनरवर पडत होतं. तिथे पडदा लावला आणि गाडी थांबायची बंद झाली. तेव्हापासून आम्ही जागा सकाळी एकदा आणि दुपारी एकदा पाहतो.

ड्रोन

उंच छप्पर, धुराडं, मोठी टाकी यांच्या पाहणीसाठी ड्रोन उत्तम, कारण परांची बांधायची आणि माणूस वर चढवायची गरज राहत नाही. साधारण अर्ध्या तासात बॅटरी बदलावी लागते. छताखाली जीपीएस मिळत नाही, तेव्हा आतल्या कामाचा ड्रोन वेगळा असतो. उडवण्याची परवानगी लागते का, ते आधी पाहून घ्या.

आमच्याकडे येताना

एका पूर्ण शिफ्टमधल्या कामाचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ आणा. पंचवीस-तीस जॉब आणा, निवडून चांगले नकोत, जसे येतात तसे. रिजेक्टच्या पेटीतले पाच-सहाही त्यात असू द्या. शक्य असेल तर ऑपरेटरलाही सोबत घेऊन या.