तीन अधिक तीन की सलग सहा : न्यूरोसर्जरी रेसिडेन्सीच्या वादामागचा इतिहास

देशातला पहिला न्यूरोसर्जरी विभाग १९४९ मध्ये वेल्लोरला उघडला, पाठोपाठ मद्रासला. मुंबईतही पन्नासच्या दशकात काम सुरू झालं. ठाणे-नवी मुंबई या चित्रात फार उशिरा आली. नेरूळ आणि कामोठ्याची खासगी मेडिकल कॉलेजं ऐंशीच्या दशकाच्या अखेरची, कळव्याचं पालिकेचं १९९२ चं. सुपरस्पेशालिटीचं शिक्षण त्याच्याही नंतरचं. तोवर डोक्याला मार लागला की पेशंट मुंबईच्या सायन हॉस्पिटलला न्यायचा, हे इथल्या प्रत्येक रिक्षावाल्याला ठाऊक होतं.

आजचा वाद मात्र वेगळ्याच जागी अडलेला आहे : न्यूरोसर्जन घडवायचा कोणत्या रस्त्याने? एम.सीएच., म्हणजे न्यूरोसर्जरीची सुपरस्पेशालिटी पदवी, करायचे दोन रस्ते आहेत. एक म्हणजे जनरल सर्जरीत एम.एस. आणि त्यावर आणखी तीन वर्षं. दुसरा एमबीबीएसनंतर थेट सहा वर्षांचा. वर्षांची बेरीज सारखीच, पण घडणारा डॉक्टर सारखा नसतो. पहिल्या रस्त्याने आलेल्याची तीन वर्षं हर्निया, पित्ताशय, आतड्याच्या गाठी यांत गेलेली असतात. ती फुकट गेली असं कुणी म्हणू नये. शीव-पनवेल रस्त्यावरून येणाऱ्या दुचाकीस्वाराचं डोकं फुटलेलं असतं तशीच प्लीहाही फाटलेली असू शकते, आणि मेंदूतलं पाणी उतरवणाऱ्या शंटचं खालचं टोक शेवटी पोटातच सोडावं लागतं. सलग सहा वर्षांच्या रस्त्याने आलेल्या मुलाचा हात मायक्रोस्कोपखाली लवकर बसतो. पण मध्येच सोडलं तर हाती एम.एस. देखील नसते. या एका भीतीने किती हुशार मुलं हा रस्ता टाळत असतील! ठरावीक टप्प्यानंतर बाहेर पडणाऱ्याला काहीतरी पदवी मिळायलाच हवी.

२०१७ पासून एम.एस. नंतरचा प्रवेश, एम्ससारख्या काही केंद्रीय संस्था सोडल्या तर, एकाच देशव्यापी परीक्षेतून होऊ लागला. आधी संस्थागणिक वेगळ्या परीक्षा होत्या. त्या जाचातून मुलं सुटली, पण तीन वर्षांची मुदत तशीच राहिली आणि संशोधनाचं घोडं तिथेच अडतं. पहिलं वर्ष कॅज्युअल्टी, बर होल (कवटीला भोक पाडायचं ऑपरेशन) आणि आयसीयूच्या राउंडमध्ये जातं, शेवटचं परीक्षेत. उरलेल्या एका वर्षात विषय ठरवा, एथिक्स कमिटीची मंजुरी घ्या, पेशंट गोळा करा आणि सहा महिन्यांनी त्यांना परत बोलवा. मग जुन्या केसपेपरांवरून केलेला अभ्यास हीच वहिवाट होते.

तो अभ्यास टिकतो की कोसळतो, हे रात्री दोनला ऑन-कॉल रेसिडेंटने, म्हणजे शिकत असलेल्या निवासी डॉक्टरने, काय लिहिलं यावर ठरतं. पेशंट किती शुद्धीवर आहे हे मोजणारं ग्लासगो कोमा स्केल (जीसीएस) १९७४ पासून आहे, तरी केसपेपरवर नुसतं ‘जीसीएस ८’ सापडतं. डोळे किती, बोलणं किती, हालचाल किती, याची फोड नाही. श्वासासाठी घशात नळी घातलेल्या पेशंटच्या बोलण्याला गुण देता येत नाहीत, तिथे ‘टी’ लिहायचा असतो, तोही राहतो. आणि मुरबाड-शहापूरकडचा पेशंट टाके काढून गेला की परत येत नाही, नातेवाइकाचा नंबर बदललेला असतो.

दोष त्या रेसिडेंटचा नाही. केंद्राच्या १९९२ च्या रेसिडेन्सी योजनेत आठवड्याला ४८ तास लिहिले होते. ते कागदावर राहिले. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या नियमांत ‘वाजवी तास’ आले, आकडा आला नाही. माझ्या मते नियामकाची ही सगळ्यात मोठी चूक, कारण आकडा नसेल तर जाब कशाच्या आधारावर विचारायचा?

तूर्त दोन्ही रस्ते चालू आहेत. आपल्या भागातल्या विभागांना रस्ता बदलणं हातात नाही. फॉलोअपचे फोन करायला आणि नोंदी तपासायला एक पगारी माणूस नेमणं मात्र आहे. ते काम आजही थीसिसवाल्या रेसिडेंटच्याच गळ्यात पडतं.