मानसशास्त्रीय प्रयोगांचे प्रकार

एखादी परिस्थिती हेतुपुरस्सर बदलून तिचा वर्तनावर किंवा मनोव्यापारावर होणारा परिणाम मोजणे, आणि तसे करताना इतर घटक शक्य तितके स्थिर राखणे, या पद्धतीला मानसशास्त्रात प्रयोग म्हणतात. संशोधक जो घटक बदलतो तो स्वतंत्र परिवर्तक आणि ज्याचे मापन होते तो परतंत्र परिवर्तक होय. व्हिल्हेल्म वुंट यांनी १८७९ मध्ये लाइपझिग येथे प्रयोगशाळा स्थापन केली, तेव्हापासून मानसशास्त्राची प्रायोगिक शास्त्र म्हणून गणना होऊ लागली.

पाठ्यपुस्तकांत प्रयोगशाळेतील, क्षेत्रीय, नैसर्गिक आणि प्रयोगसदृश असे चार प्रकार सहसा एका ओळीत मांडले जातात. ही मांडणी सोयीची असली तरी थोडी फसवी आहे, कारण तिच्यात दोन वेगळे प्रश्न मिसळले आहेत. प्रयोग कोठे झाला, हा पहिला. आणि कोणती व्यक्ती कोणत्या गटात जाईल हे कोणी ठरवले, हा दुसरा. कार्यकारणसंबंधाचा निष्कर्ष किती भक्कम आहे, हे मुख्यतः दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते.

प्रयोगशाळेतील प्रयोगात ही विभागणी संशोधक चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे, म्हणजे यादृच्छिक रीतीने करतो. त्यामुळे बुद्धी, वय, स्वभाव यांतील फरक गटांमध्ये सरासरीने सारखे वाटले जातात. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ मध्ये ४५ विद्यार्थ्यांना मोटार-अपघातांच्या चित्रफिती दाखवून गाड्यांचा वेग विचारला. प्रश्नातील केवळ एक क्रियापद त्यांनी गटागणिक बदलले. गाड्या जोराने आदळल्याचा शब्द ज्यांना ऐकवला, त्यांचा सरासरी अंदाज ताशी ४० मैलांहून अधिक होता. केवळ स्पर्श झाल्याचा शब्द ऐकलेल्यांचा ३१.८ मैल. बाकी सारे सारखे असल्याने हा फरक शब्दाच्याच खात्यावर जमा होतो. मात्र चित्रफीत पाहणाऱ्याला खऱ्या अपघाताच्या साक्षीदाराची भीती वाटत नाही, आणि आपण प्रयोगात आहोत हे त्याला ठाऊक असते. सहभागी व्यक्ती प्रयोगाचा हेतू ताडून त्याला जुळेल असे वागू लागते, या अडचणीकडे मार्टिन ऑर्न यांनी १९६२ मध्ये लक्ष वेधले होते.

क्षेत्रीय प्रयोगात परिवर्तक संशोधकच बदलतो, परंतु नेहमीच्या परिसरात. १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अर्व्हिंग पिलियाव्हिन व सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत आपल्या साथीदाराला प्रवाशांसमोर कोसळण्यास सांगितले. तो हातात काठी घेऊन, आजारी भासत असता ६५ पैकी ६२ वेळा प्रवासी आपणहून मदतीला धावले. मद्यपी भासत असता ३८ पैकी १९ वेळा. दोन्ही प्रसंगांच्या फेऱ्यांची संख्या सारखी नाही, त्याचे एक कारण असे की मद्यपीची भूमिका एका साथीदाराला रुचली नाही आणि त्याने ती ठरल्यापेक्षा कमी वेळा केली. परिसर जितका खरा, तितके नियंत्रण सैल होते, ते असे. शिवाय ज्यांच्यावर प्रयोग झाला त्या प्रवाशांची संमती घेतलेली नव्हती, हा आक्षेप या प्रकाराला कायम चिकटून आहे.

नैसर्गिक प्रयोगात बदल संशोधक घडवत नाही. तो राजकीय घडामोडीने, कायद्याने किंवा आपत्तीने घडतो. रुमेनियातील चाउशेस्कू यांची राजवट १९८९ च्या डिसेंबरमध्ये कोसळल्यावर तेथील अनाथालयांची दैन्यावस्था जगापुढे आली आणि अनेक मुले परदेशी दत्तक गेली. ब्रिटनमध्ये मायकेल रटर व सहकाऱ्यांनी अशा १६५ मुलांची तुलना ब्रिटनमध्येच जन्मून दत्तक गेलेल्या ५२ मुलांशी केली. सहा महिन्यांच्या आत घर मिळालेली मुले विकासात बहुतांशी बरोबरीला आली, तर उशिरा आलेल्यांपैकी अनेकांच्या अडचणी टिकून राहिल्या. तथापि कोणते मूल केव्हा दत्तक गेले, हे संशोधकांच्या हाती नव्हते. अधिक सुदृढ मुलांचीच निवड झाली असेल काय, ही शंका अशा अभ्यासात पूर्णपणे फिटत नाही.

म्हणूनच याच प्रश्नावर रुमेनियाच्या राजधानीत, बुखारेस्ट येथे, २००० च्या सुमारास सुरू झालेला प्रकल्प महत्त्वाचा ठरतो. त्यात संस्थांमधील १३६ बालकांपैकी निम्म्यांना यादृच्छिक निवडीने पालक-कुटुंबांत, म्हणजे जन्मदात्यांऐवजी मूल सांभाळणाऱ्या कुटुंबांत, ठेवण्यात आले. कुटुंबात गेलेल्यांची बौद्धिक प्रगती अधिक झाली, आणि लवकर गेलेल्यांची विशेष. प्रयोगशाळेबाहेर घडूनही हा खऱ्या अर्थाने प्रयोग आहे. उरलेल्या मुलांना संस्थेत अडकवून ठेवायचे नाही, कुटुंब मिळाल्यास जाऊ द्यायचे, असा नियम त्यात पाळला गेला; तरीही निम्म्या मुलांना ती संधी न देण्याच्या नैतिकतेवर वाद झालाच.

प्रयोगसदृश अभ्यासात गट आधीच तयार असतात : वय, व्यवसाय, आजार यांची विभागणी चिठ्ठ्या टाकून करता येत नाही. लंडनच्या १६ टॅक्सीचालकांच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पसचा (स्मृती आणि दिशाज्ञानाशी निगडित भागाचा) मागील भाग इतरांपेक्षा मोठा असल्याचे एलिनॉर मॅग्वायर व सहकाऱ्यांनी २००० मध्ये दाखवले. परंतु रस्ते पाठ केल्याने तो वाढला, की मुळात तसा मेंदू असलेलेच या व्यवसायात टिकले? २०११ च्या अभ्यासात प्रशिक्षणार्थींचे मापन प्रशिक्षणाआधी आणि नंतर केले, तेव्हा रस्त्यांच्या ज्ञानाची परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांतच ती वाढ आढळली, आणि पहिल्या पर्यायाला बळ मिळाले.