उताऱ्यावरची मेमरी आणि पेरलेली मेमरी: व्हीएसझेड की आरएसएस?

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्रीचं किंवा निपाणीतल्या वखारीचं बिलिंग ज्या लिनक्स सर्व्हरवर चालतं, तो कुंथायला लागला की कुणीतरी पीएस नाहीतर टॉप ही कमांड लावून बघतं. एकाच प्रोसेससमोर मेमरीचे दोन आकडे येतात, व्हीएसझेड आणि आरएसएस. टॉपमध्ये त्यांनाच व्हर्ट आणि रेस म्हणतात. मशीनमध्ये रॅम ८ जीबी आणि जावाचा व्हीएसझेड ९ जीबी, एवढं बघून रॅम विकत आणायला निघणारे पुष्कळ आहेत. त्यांनी जरा थांबावं.

व्हीएसझेड, म्हणजे प्रोग्रॅमने राखून ठेवलेली सगळी मेमरी, हे उताऱ्यावरचं क्षेत्र. उतारा कानडीत असला तरी एकर-गुंठे सगळ्यांना वाचता येतात, पण त्यातलं पेरलेलं किती आणि पड किती, हे शेतावर गेल्याशिवाय कळत नाही. पेरलेलं क्षेत्र म्हणजे आरएसएस, प्रत्यक्ष रॅममध्ये बसलेली मेमरी. प्रोग्रॅमने १ जीबी मागितली की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, नुसती नोंद करतो. त्या जागेत पहिल्यांदा काही लिहिलं, की पेज फॉल्ट होतो आणि तेव्हा कुठे ४ केबीचं एक पेज रॅममधून मिळतं. तोवर व्हीएसझेड फुगलेला आणि आरएसएस जागच्या जागी.

शेतावर जायची वाट म्हणजे पीमॅप ही कमांड. त्याला -एक्स हा पर्याय आणि प्रोसेसचा नंबर द्यायचा. प्रोसेस दुसऱ्या युजरची असेल तर सुडो लावा, नाहीतर परवानगी नाकारली जाते. प्रत्येक ओळ म्हणजे मेमरीचा एक तुकडा: पत्ता, आकार, आरएसएस, डर्टी (लिहून बदललेली पेजेस), मोड आणि शेवटी फाइलचं नाव किंवा, मागे फाइल नसेल तर, ‘अ‍ॅनॉन’. सी किंवा सी प्लस प्लसच्या बहुथ्रेडी (एकाच वेळी कामाचे अनेक धागे, म्हणजे थ्रेड, चालवणाऱ्या) प्रोग्रॅममध्ये एक जोडी सारखी भेटते. वरच्या ओळीत आकार १३२ केबी, आरएसएस १३२, मोड वाचा-लिहा. लगेच खाली ६५,४०४ केबी, आरएसएस शून्य, मोडच्या जागी नुसत्या रेघा. दोन्हींची बेरीज ६५,५३६, म्हणजे बरोबर ६४ एमबी. हा जीलिबसीचा, म्हणजे सी प्रोग्रॅमच्या पायाभूत लायब्ररीचा, अरीना: मेमरी वाटायचं एक आवार. थ्रेड मॅलॉकसाठी, म्हणजे मेमरी मागताना, एकमेकांची वाट अडवू नयेत म्हणून जीलिबसी प्रत्येक अरीनाला ६४ एमबी राखून ठेवते. ६४-बिट मशीनवर कोअरच्या आठपट अरीना होऊ शकतात. ४ कोअर असतील तर ३२ अरीना, म्हणजे २ जीबी नुसती पड जमीन. शिवाय प्रत्येक थ्रेडच्या स्टॅकला, म्हणजे त्याच्या कामापुरत्या खासगी जागेला, साधारण ८ एमबी. ४० थ्रेड असले की ३२० एमबी उताऱ्यावर चढली, पेर मात्र नखभर.

म्हणूनच यूलिमिट -व्ही ही कमांड लावून मेमरीवर लगाम घालणं अंगाशी येतं. ती मर्यादा व्हीएसझेडवर बसते. जावाला रॅम पुरेशी असते, पण तिला पत्ते राखता येत नाहीत आणि ती सुरूच होत नाही. लगाम हवा तर सिस्टमडीमध्ये, म्हणजे सर्व्हिस चालू-बंद करणाऱ्या यंत्रणेत, मेमरीमॅक्स लावा.

मग आरएसएस तरी खरा का? एका प्रोसेसपुरता बराचसा. बेरीज करायला गेलात की फसलात. पोस्टग्रेस या डेटाबेसचे शेअर्ड बफर ही भाऊबंदांची सामायिक विहीर. २० कनेक्शनांनी त्यातली तीच १ जीबी हाताळली, तर प्रत्येकाच्या आरएसएसमध्ये ती आख्खी धरली जाते आणि ८ जीबीच्या मशीनवर बेरीज २० जीबीच्या पुढे जाते. अशा वेळी पीएसएस बघायचा, तो सामायिक पेजची वाटणी करून मोजतो: इथे प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम ५१ एमबी. हा आकडा प्रॉक डिरेक्टरीत प्रोसेसच्या नंबराखालच्या स्मॅप्स फाइलमध्ये तुकड्यागणिक मिळतो. एकूण हवा असेल तर स्मॅप्स रोलअप वाचा, कर्नल ४.१४ पासून ती सोय आहे.

दुसरी मेख स्वॅपची, म्हणजे रॅममधली पेजेस डिस्कवर हलवण्याची. आरएसएस उतरला म्हणून हुश्श करू नका. पेजेस डिस्कवर गेली असतील तर स्मॅप्समधली स्वॅपची ओळ तेवढीच चढलेली दिसते, आणि बिलिंग रडतं ते यानेच.

गळती, म्हणजे प्रोग्रॅमने घेऊन परत न केलेली मेमरी, शोधायची तर एकच आकडा बघून भागत नाही. अर्ध्या तासाच्या अंतराने पीमॅप -एक्सचे दोन उतारे घ्या आणि डर्टीचा रकाना ताडून बघा. डर्टी सतत ‘अ‍ॅनॉन’ तुकड्यांतच वाढत असेल तर संशय प्रोग्रॅमवर. फाइलच्या तुकड्यांत नुसता आरएसएस वाढला तर बहुधा काळजी नाही, ती पेजेस कर्नल लागेल तेव्हा परत घेतो. ६४ एमबीच्या जोड्याच वाढत असतील आणि त्यातली पेरही चढत असेल, तर गळतीच असेल असं नाही: मोकळी केलेली मेमरी अरीनांमध्ये विखरून अडकलेली असू शकते. मॅलॉक अरीना मॅक्स हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल २ करून बघा. चालू प्रोसेसला ते लागू होत नाही, सर्व्हिस बंद करून पुन्हा सुरू करावी लागते.