कारागृहातून येणाऱ्या फोनसाठी घरच्यांनी काय तयारी ठेवावी

माझा धाकटा भाऊ न्यायालयीन कोठडीत गेला, तेव्हा त्याचा पहिला फोन आम्ही उचललाच नाही. अनोळखी नंबर दिसला, कर्जवाल्यांचा असेल म्हणून आईने कट केला. उलट लावून पाहिला तर लागेना. पुढचा फोन चार दिवसांनी आला. तोवर आई आंघोळीलाही मोबाईल दाराशी ठेवून जात होती. असे दिवस कोणाच्या आईवर येऊ नयेत, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

पीसीआर, म्हणजे पोलीस कोठडी चालू असताना कारागृहाच्या फोनचा प्रश्न येत नाही. एमसीआर, म्हणजे न्यायालयीन कोठडी होऊन माणूस कारागृहात गेला की, कच्चा कैदी (खटला निकाली न निघालेला) असो वा पक्का (शिक्षा झालेला), तो फोनसाठी नंबर नोंदवू शकतो. हे काम आतून बंद्यालाच करावं लागतं. घरच्यांची आणि वकिलांची नावं, नातं, नंबर तो लिहून देतो. पडताळणी झाली की त्याच नंबरांवर कॉल लागतो. सुरक्षेशी निगडित गंभीर गुन्ह्यांत ही सवलत नाकारली जाऊ शकते. तसं झालं तर अधीक्षकांच्या नावे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. ती पोच पुढे वकिलांना न्यायालयात उपयोगी पडते.

आता सगळ्यात मोठी अडचण. आजकाल कोणाला नंबर पाठ असतात? अटकेत मोबाईल जप्त झालेला असतो आणि आत गेल्यावर माणसाला बायकोचाही नंबर आठवत नाही. पहिल्याच मुलाखतीत, म्हणजे कारागृहातल्या भेटीत, त्याच्याकडून नंबर पाठ करून घ्या. मी जाळीपलीकडे दोन-दोन आकडे ओरडून सांगितले आणि त्याच्याकडून तीनदा म्हणवून घेतले.

पडताळणीसाठी आधार कार्ड, नातं दाखवणारं रेशनकार्ड किंवा विवाह नोंदणीचा दाखला, आणि सिम कोणाच्या नावावर आहे याचा पुरावा जवळ ठेवा. आमचा घोळ इथेच झाला. आईचं सिम काकांच्या नावावर निघालं. घरात असं असेल तर आधीच मोबाईल कंपनीच्या दुकानात जाऊन सिम नावावर करून घ्या. वकिलांचा नंबर द्यायचा तर वकीलपत्र झालेलं बरं. त्यावरची बंद्याची सही कारागृहातच साक्षांकित होते.

मग मोबाईलकडे वळा. अनोळखी कॉल आपोआप गप्प करणारी सेटिंग आणि स्पॅम अडवणारं ॲप बंद करा. रिचार्ज संपू देऊ नका. फोन बहुतेक दिवसा येतो, म्हणून कामावर असताना उचलता येईल अशा माणसाचा नंबर यादीत आधी द्या.

येरवडा मध्यवर्ती कारागृहात २०२३ साली स्मार्ट कार्डवर चालणारे फोन सुरू झाले. आठवड्यातून किती कॉल, किती मिनिटं, पैसे कसे भरायचे, हे तुमच्या कारागृहाच्या मुलाखत खिडकीवर नीट विचारून घ्या. आम्हाला सहा मिनिटं मिळायची. पहिल्यांदा त्यातली तीन रडण्यात गेली. नंतर मी वहीत लिहून ठेवू लागले: पुढची तारीख, वकील काय म्हणाले, त्याची औषधं, पीपीसी खात्यातले (बंद्याच्या आतल्या खर्चाच्या खात्यातले) पैसे. शेवटचं एक मिनिट त्याच्या मुलीचं. ती फक्त शाळेतल्या गोष्टी सांगायची, आणि तो फक्त ऐकायचा.

बोलणं ऐकलं जातंय असं धरूनच बोला. साक्षीदार, पुरावे यांचा विषय फोनवर नको, तो वकिलांसमोर. मध्येच तिसऱ्याला कॉलवर जोडू नका. आतून कोणी लपवलेल्या मोबाईलवरून फोन केला तर बोलू नका. तो गुन्हा आहे आणि त्रास आपल्याच माणसाला होतो. ‘साहेबांना पैसे द्या, रोज बोलणं करून देतो’ म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

फोन लागत नसेल तर राष्ट्रीय कारागृह माहिती पोर्टलवर ई-मुलाखतीची नोंदणी करता येते. तिथे तुमच्या ओळखपत्राचा क्रमांक, बंद्याचं नाव, वडिलांचं नाव आणि कारागृह अचूक भरा. वकील परवडत नसेल तर १५१०० हा विधी सेवेचा मोफत क्रमांक लावा. कोठडीतल्या व्यक्तीला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने दिला आहे.

आणि दुसऱ्या कारागृहात बदली झाली तर जुनी यादी तिथे चालेल असं गृहीत धरू नका. सगळ्या कागदांच्या झेरॉक्सचा एक संच पिशवीत तयार असू द्या.